तिरपें, ठळक व समरेख बाळबोध अक्षर : उमरठच्या वाटेवरील एक टांचण

पोलादपुराहून उमरठास जाण्याचा योग मला अनेकदां आला आहे. तानाजी मालुसरे व शेलारमामा यांच्या समाध्या ज्या गांवीं आहेत, त्या गांवीं इतिहासाच्या विद्यार्थ्यांना घेऊन जावें, ही माझी शिक्षकी पेशांतली जुनी संवय सेवानिवृत्तीनंतरही सुटलेली नाहीं. गेल्या खेपेस बरोबर आलेल्या एका मुलाच्या हातीं एक छापील पत्रक होतें. माघ वद्य नवमी, म्हणजे तानाजीच्या पुण्यतिथीच्या निमित्तानें कोणीं तरी तें काढलेलें होतें. मुलगा पत्रकांतला मजकूर वहींत उतरून घेत होता. मीं सहज वही पाहिली, तों तींत ‘पुण्यतियि’, ‘समाघि’, ‘अमिवादन’ असे तीन शब्द, आणि कोंढाण्याच्या प्रसंगाचा शक ‘१५११’. मुलावर रागें भरणार होतों. परंतु पत्रक हातीं घेतल्यावर राग गिळावा लागला. मुलानें जें दिसलें तेंच लिहिलें होतें. पत्रकाचा सर्व मजकूर जाड, उजवीकडे झुकलेल्या, एकसारख्या रेघेच्या अक्षरांत छापून वर त्याच्या यांत्रिक प्रतीच्या प्रती काढलेल्या होत्या. थ, ध, भ या तीन अक्षरांच्या माथ्यावर शिरोरेषेंत जी फट असते, ती शाईनें बुजून गेली होती. आणि फट बुजली कीं थ चा य, ध चा घ व भ चा म होतो, हें बिगरींतल्या पोरासही ठाऊक आहे. ९ च्या पोटांतली पोकळी भरून त्याचा १ झाला होता. कोंढाण्यावर तानाजी पडला तो शके १५९१ मध्यें, इसवी सन १६७० च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस. शके १५११ म्हणजे त्याहून ऐंशीं वर्षें मागें. तेव्हां शिवरायांचे तीर्थरूप शहाजीराजेही जन्मलेले नव्हते.

अक्षराच्या वळणामुळें शक बदलतो, ही गोष्ट जुन्या कागदांच्या व्यासंगी वाचकांना नवी नाहीं. हस्तलिखितांत आपण त्याची वाट पाहतच बसलेले असतों. छापील अक्षरावर मात्र आपला भरंवसा असतो. म्हणून या ठळक, तिरप्या, समरेख अक्षराची कुळकथा थोडी तपासून पाहावी असें मनांत आलें, व त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडतों.

प्रथम नांवाविषयीं. पाश्चात्य मुद्रणांत ज्यास ‘सॅन्स सेरिफ’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘टोकदार शेंपट्या नसलेलें अक्षर’ असा. रोमन अक्षराच्या उभ्या दांड्याच्या खालींवर आडवी बारीक रेघ असते. ती काढून टाकली कीं हें अक्षर होतें. लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लननें १८१६ मध्यें आपल्या नमुन्यांच्या पुस्तकांत असें अक्षर प्रथम दाखविलें. तेंही केवळ मोठ्या लिपींतलें. ‘सॅन्स सेरिफ’ हें नांव व्हिन्सेंट फिगिन्सनें १८३२ मध्यें वापरलें. नागरींत अशा शेंपट्या मुळांतच नाहींत. मग नागरीस हें विशेषण लागूं पडतें काय? मला वाटतें, शब्दशः पडत नाहीं. ज्यांत सर्व रेघांची जाडी सारखी, बोरूचा जाड-बारीकपणा नाहीं, असें अक्षर आपल्याला अभिप्रेत असतें. म्हणून मीं ‘समरेख’ हा शब्द योजला आहे. यापेक्षां बरा शब्द कोणी सुचविल्यास तो घेईन.

परंतु येथें एक गंमत आहे, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नागरीची शिरोरेषा ही मूळची एक शेंपटीच आहे. फरक इतकाच कीं ती पायाशीं न राहतां माथ्यावर वाढली. गौरीशंकर ओझा यांच्या प्राचीन लिपिमालेंतील फलक ओळीनें पाहावे. अशोककालीन ब्राह्मी अक्षर शुद्ध समरेख आहे: रेघ, कोन, वर्तुळ, बस्स. आपल्या कोंकणांत त्याचा नमुना सोपाऱ्याचा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथें १८८२ मध्यें अशोकाच्या आठव्या शासनाचा तुकडा सांपडला. पुढें उभ्या रेघेच्या माथ्यावर लेखणी टेंकल्याची खूण जाड होऊं लागते. विदर्भांतल्या वाकाटक ताम्रपटांत तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटीच बसते. या माथ्याच्या खुणा रुंदावत जाऊन एकमेकींस भिडल्या, तेव्हां शिरोरेषा झाली. महाडजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत काणभोज कुमार विष्णुपालिताच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. ज्यांना या क्रमांतली मधली पायरी डोळ्यांनीं पाहावयाची असेल, त्यांनीं उमरठास जातां जातां महामार्गावर अर्धा तास मोडून तो लेख पाहावा. तात्पर्य, आजचे कलाकार ‘नवें’ म्हणून जें समरेख अक्षर काढतात, तें एका अर्थीं दोन हजार वर्षें मागें जातें. मात्र अशोकाच्या अक्षराला शिरोरेषा नव्हती, म्हणून त्यांत बुजण्यासारखी फटही नव्हती.

आतां तिरपेपणा. यांत खरी मौज आहे, आणि मराठी वाचकाला अभिमान वाटावा असेंही थोडें आहे.

इटलींत पंधराव्या शतकांत दोन हस्ताक्षरें चालत. एक ग्रंथांचें: सरळ, सुटें, स्थिर. दुसरें कचेऱ्यांचें: झपाट्यानें लिहिलेलें, उजवीकडे कललेलें, अक्षरास अक्षर जोडलेलें. दुसऱ्यास ते लोक ‘कान्चेल्लारेस्का’ म्हणत. ‘कान्चेल्लेरिया’ म्हणजे आपल्या भाषेंत चिटणिशी किंवा दफ्तर. व्हेनिसचा मुद्रक आल्दस मनुशिअस यानें फ्रांचेस्को ग्रिफ्फो या ठसेकाराकडून या दफ्तरी वळणाचे खिळे पाडवून १५०१ मध्यें व्हर्जिलच्या काव्यांची लहान, हातीं धरण्याजोगी आवृत्ति छापली. तोच ‘इटालिक’चा आरंभ. तेव्हां तिरपें अक्षर जोर देण्याकरितां नव्हतेंच. आख्खें पुस्तक त्यांत छापीत. सरळ मजकुरांत एखादा शब्द तिरपा घालून तो उठवून दाखवावा, ही युक्ति नंतरची.

यावरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. ग्रंथाचें सरळ अक्षर आणि दफ्तराचें धांवतें अक्षर ही जोडी आपल्याकडे आधींपासूनच होती: बाळबोध आणि मोडी. मोडीची उत्पत्ति परंपरा हेमाडपंताकडे नेते. त्याच्या खरेखोटेपणाची चर्चा येथें नको. चिटणिशी, बिलवलकरी, महादेवपंती, रानडी अशीं मोडीचीं वळणें सांगतात. सर्वांचें तत्त्व एकच: कागदभर आधीं शिरोरेषा आंखून घ्यावयाची, मग बोरू शक्य तों न उचलतां अक्षरें तिला लोंबवीत न्यावयाचीं. पेशवेकालीन चांगल्या कारकुनाच्या हातीं हीं अक्षरें पुष्कळदां अशीं उजवीकडे झुकतात, कीं वाऱ्यानें भाताचें शेत एका अंगाला वळावें. शिरोरेषा मात्र आडवी ती आडवीच. येथें एक महत्त्वाची गोष्ट नमूद करावयाची ती अशी, कीं शिरोरेषा आधींच अखंड ओढलेली असल्यामुळें मोडी लिहिणाराला ‘माथ्यावरची फट’ हा भेद ठेवतांच येत नव्हता. म्हणून त्यानें ध, भ, थ यांचा वेगळेपणा अक्षराच्या अंगांत ठेवला. तिरप्या, वेगवान् लिपीला जें हवें तें मोडीनें आपलें आपण शोधून घेतलें. पत्रक छापणारानें बाळबोध अक्षर ढकलून तिरपें केलें, पण त्याचा भेद ठेवला माथ्यावर. तेथेंच तो फसला.

सरळ अक्षराच्या पक्षानें बोलणारा थोर साक्षीदारही याच मुलखांतला आहे. शिवथर घळ महाड तालुक्यांत. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० मध्यें ती शोधून काढली, आणि दासबोधाच्या रचनेशीं परंपरेनें ती जोडली जाते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हा आहे. मुद्रणकलेच्या आपल्याकडील अभ्यासकांनीं तो जितका वाचावयास हवा तितका वाचलेला नाहीं, असें माझें मत आहे. समर्थांचा उपदेश असा: अक्षर वाटोळें असावें, सरळ असावें, सुटें असावें, शाई काळीभोर असावी, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें, तरुणपणीं डोळे चांगले म्हणून अतिबारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें वाचवत नाहीं. हा शेवटचा उपदेश मला साठीनंतर विशेष पटूं लागला आहे. ‘सरळ’ हा शब्द त्यांनीं सहज घातलेला नाहीं. बाळबोध अक्षराची प्रतिष्ठा त्याच्या उभेपणांत आहे, झुकणें हें मोडीचें काम, हा विवेक त्या काळीं रूढ होता.

जोर देण्याचें काम जुन्या लेखनांत तिरपेपणा कधींच करीत नसे. तें काम रंग करी. पोथींत ‘उवाच’, अध्यायसमाप्तीची पुष्पिका, दंड, ओव्यांचे अंक यांवर हिंगुळाची किंवा गेरूची लाली असे. जें रद्द करावयाचें त्यावर पिवळी हरताळ चोपडीत. ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. एका पोथींत काळें, तांबडें, पिवळें असे तीन रंग म्हणजे मजकूर, ठळकपणा व खोडाखोड. इतकी स्वच्छ व्यवस्था आजच्या छापखान्यांतही क्वचित् दिसते.

मराठी अक्षर शिशांत उतरलें तेव्हां दोनही लिप्या उतरल्या होत्या, हें आतां विसरलें जातें. श्रीरामपुरास विल्यम केरीचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें नागरी खिळ्यांनीं छापलें. त्याचाच मराठी कोश १८१० मध्यें मोडी खिळ्यांनीं. म्हणजे ग्रिफ्फोनें व्हेनिसला जें केलें, तें मराठीपुरतें श्रीरामपुरास झालेलें होतें: दफ्तरी वळणाचे खिळे तयार होते. हे दोन संच एकाच पानावर आले असते, बाळबोध मजकुरांत मोडी शब्द उठवून दाखविण्याची चाल पडली असती, तर आपल्याला आपलें खरें ‘इटालिक’ मिळालें असतें. तें झालें नाहीं. मोडी खिळे मागें पडले. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यानें बाळबोध खिळे सुधारले. गणपत कृष्णाजींनीं १८३१ मध्यें शिळाछापावर पंचांग काढलें. आणि जावजी दादाजींनीं १८६४ मध्यें टाईपाचा कारखाना व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढून, राणोजी आरू यांच्या हातच्या ठशांनीं, बाळबोध अक्षराला असें रूप दिलें कीं काशीपासून तंजावरपर्यंत संस्कृत वाचणाराच्या डोळ्यांपुढें तेंच राहिलें. माझें सारें संस्कृत निर्णयसागरी अक्षरांत झालें. आजही एखादा श्लोक आठवतांना मला तो त्याच वळणांत दिसतो, हा पक्षपात मी लपवीत नाहीं. १९१७ मध्यें मुंबई सरकारनें कारभारांत मोडीऐवजीं बाळबोध आणण्याचें ठरविलें, आणि त्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेंतूनही गेली. जोडींतला एक जोडीदार गेला.

खिळ्यांच्या काळांत तिरपें बाळबोध फारसें कां निघालें नाहीं, याचें कारण जुळारी सांगतील. मुंबई पद्धतीच्या ‘डिग्री’ जुळणींत मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचे तुकडे अक्षराच्या डोक्यावर वेगळे बसवावे लागत. अक्षर सरळ असलें कीं वरचा तुकडा नीट त्याच्या माथ्यावर येतो. अक्षर झुकलें कीं वरचा तुकडा उजवीकडे सरकला पाहिजे, खालचा उकार डावीकडे. चौकोनी शिशाच्या ठोकळ्यांत हें बसवावयाचें कसें? म्हणून ठळकपणासाठीं मराठी छापखान्यांनीं सरळ मार्ग धरला: जाड टाईप, म्हणजे ज्याला जुळारी ‘काळा’ म्हणत तो. पायका आणि पायका काळा एवढ्यावर पिढ्यान् पिढ्यांचीं मराठी पुस्तकें निभावलीं. तिरपें अक्षर राहिलें पाटीवाल्या चिताऱ्यांच्या कुंचल्यांत: दुकानांच्या पाट्या, नाटक-सिनेमाचे फलक, मालमोटारींच्या मागच्या फळ्या. कुंचला हातीं असलेला माणूस मात्र अक्षर ढकलीत नाहीं, नव्यानें काढतो. ध ची फट तो आपसुक रुंद ठेवतो. त्या अनाम चिताऱ्यांच्या अक्षरांत मला कधीं वाचण्याची अडचण पडलेली नाहीं.

अडचण आली ती संगणकाबरोबर. यंत्रावर एक कळ दाबली कीं कोणतेंही अक्षर झुकतें. दुसरी दाबली कीं जाड होतें. या झुकण्यांत नेमकें काय घडतें तें मीं भूमितीनें करून पाहिलें. यंत्र अक्षराचा पाया जागेवर ठेवून माथा उजवीकडे सरकवितें. क्षेत्रफळ तेंच राहतें, लांबी बदलते; म्हणून जी रेघ लांबते ती बारीक होते व जी आखुडते ती जाड होते. झुकाव बारा अंशांचा धरला, तर खालून डावीकडून वर उजवीकडे चढणारी पंचेचाळीस अंशांची रेघ सुमारें एक दशांशानें बारीक होते. आणि र च्या पायासारखी उजवीकडे खालीं उतरणारी रेघ जवळ जवळ तितक्याच प्रमाणानें जाड. समरेख अक्षराचें सर्वस्व म्हणजे रेघांची समता. तीच यंत्र मोडतें. बोरूच्या अक्षराची दशा याहून वाईट. आपला बोरू रोमन कलमाच्या उलट अंगास तिरका कापतात, त्यामुळें चढती रेघ त्यांत स्वभावतः जाड येते व उतरती बारीक. यंत्र चढती बारीक करतें, उतरती जाड करतें. म्हणजे बोरूनें जें केलें असतें त्याच्या बरोबर उलट. असें अक्षर ‘मोडलेलें’ दिसतें हा केवळ म्हाताऱ्याचा कुरकुरा स्वभाव नव्हे. त्याला गणित आहे.

यावर पाश्चात्यांतही वाद झालेला आहे. स्टॅन्ले मॉरिसन यानें १९२६ मध्यें असें प्रतिपादिलें कीं तिरपें अक्षर म्हणजे सरळ अक्षरच किंचित् कललेलें असावें, त्याला वेगळा आकार नको. समरेख रोमन अक्षरांच्या बहुतेक घराण्यांनीं पुढें हाच मार्ग धरला. १९५७ च्या युनिव्हर्सचें तिरपें रूप असेंच आहे. गिल सॅन्सच्या तिरप्या रूपांत मात्र कांहीं अक्षरें खरोखर हस्ताक्षराच्या वळणाचीं आहेत. रोमन लिपीला हा मार्ग झेपतो, कारण तिच्या अक्षरांवर मात्रांचा मजला नाहीं. आपल्या वेलांटीचें तसें नव्हे. अक्षर झुकलें कीं ती शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि ‘कीर्ति’सारख्या शब्दांत रफार, वेलांटी यांची गर्दी होते.

येथें नव्या कलाकारांना न्याय दिला पाहिजे. र. कृ. जोशी यांचें ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर घरोघर पोंचलें; तें सरळ वळणाचें. मुंबईच्या एक टाइप या मंडळीचें ‘मुक्त’ हें समरेख अक्षर सात जाडींत आहे, सातही सरळ. यांनीं तिरपें रूप मुळींच काढलें नाहीं, हा मला संयम वाटतो. उलट इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘पॉपिन्स’ या २०१४ च्या अक्षरघराण्यांत नागरी व रोमन बरोबरीनें आहेत. नागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. जाडीच्या नऊ पायऱ्या, आणि प्रत्येकीचें एक सरळ व एक तिरपें, अशीं अठरा रूपें. नागरीला ठळक, तिरपें व समरेख असें आंखून काढलेलें रूप पाहावयाचें असेल, तर तें येथें पाहावें. वर्तुळावर उभारलेलें अक्षर असल्यामुळें त्याच्या पोकळ्या मोठ्या आहेत. शीर्षकास, पाटीस, दुरून वाचावयाच्या दोनचार शब्दांस तें शोभतें. आख्खें पान त्यांत छापणाराला मात्र मी शिक्षा म्हणून तेंच पान दिव्याखालीं तीनदां वाचावयास लावीन. जाडी वाढली कीं ब च्या पोटांतली तिरकी रेघ पोकळीस गिळते व ब-व चा भेद जातो. द्ध, ङ्ग, ष्ट्य यांसारखीं जोडाक्षरें म्हणजे शाईचे गोळे होतात. संस्कृत अवतरण ठळक तिरप्या अक्षरांत छापणें तर सर्वथा वर्ज्य समजावें.

इतकें म्हटल्यावर वाचक विचारतील कीं मग या अक्षराचा आपल्याला, म्हणजे जुने कागद छापणाऱ्यांना, कांहीं उपयोग आहे काय? आहे, आणि तो लहान नाहीं.

शिवकालीन एखादें पत्र घ्या. माथ्यावर संस्कृत मुद्रा, नागरी अक्षरांत कोरलेली. खालीं मजकूर मोडींत. शेवटीं मोर्तब, पुन्हां नागरींत. मजकुरांत कधीं ‘श्री’ किंवा एखादा श्लोकार्ध बाळबोध येतो. महजरांत तर याहून बहार: मजकूर कुळकर्ण्याच्या हातचा, खालीं कोणाची सही मोडींत, कोणाची बाळबोधांत, काजीचा शिक्का फारशींत, पाटलाची निशाणी नांगर, सुताराची निशाणी किंकरें. एका कागदावर चारपांच हात व तीन लिप्या. हाच कागद आपण छापतों तेव्हां काय होतें? सर्वच्या सर्व मजकूर एका पायका बाळबोधांत उतरतो. राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड काढले, सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग काढले. त्या थोर पुरुषांनीं ढिगाऱ्यांतून इतिहास बाहेर काढला. त्यांना छापखान्याच्या बारकाव्यास सवड कोठून असणार? ‘शिक्का’, ‘मोर्तब’ असे शब्द कंसांत घालून त्यांनीं होईल तितकें केलें. परंतु मूळांत कोणता शब्द बाळबोध होता व कोणता मोडी, हात कोठें बदलला, हें छापील पानावरून बहुधा कळत नाहीं.

यांत माझी स्वतःचीच एक फजिती सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वतनाच्या कागदाची छापील नक्कल माझ्या हातीं आली. तींत एका ओळींत शेताची चतुःसीमा होती, आणि त्या ओळीवर मीं जमिनीच्या सलग भोगवट्यासंबंधीं एक अनुमान उभारून तें चारचौघांत मोठ्या विश्वासानें सांगितलें. कांहीं काळानें मूळ कागद पाहावयास मिळाला. सारा मजकूर मोडी. ती एक ओळ तेवढी समासांत, वेगळ्या शाईनें, बाळबोधांत. कोणीं तरी मागाहून घातलेली. नकलेंत ती मजकुराच्या पोटांत बसविली होती, कारण छापतांना तिला वेगळें दाखविण्याची सोय कोणाला सुचली नव्हती. माझें अनुमान त्या दिवशीं वारलें. ज्यांना मीं तें सांगितलें होतें, त्यांतले दोघे आज हयात नाहींत. त्यांच्यापाशीं दुरुस्ती करावयाची राहिली ती राहिलीच.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मोडी कागद बाळबोधांत छापतांना मुख्य मजकूर नेहमींच्या सरळ अक्षरांत असावा, आणि मूळांत जें बाळबोध असेल तेवढें तिरप्या अक्षरांत छापावें. कोणी म्हणेल, हें उलट झालें; तिरपी ती मोडी, तेव्हां मोडीच तिरपी दाखवावी. तत्त्वतः तें खरें. पण मोडी मजकूर पांच पानें व बाळबोध पांच शब्द, असें प्रमाण असतां पांच पानें तिरपीं छापून वाचकाचे डोळे कशाला फोडावयाचे? थोडें असेल तें तिरपें, हा व्यवहार. हात बदलला असेल तेथें जाडी बदलावी. मुद्रा, मोर्तब व शिक्का यांना, आणि केवळ यांनाच, ठळक तिरपें रूप द्यावें. तीं एकदोन ओळींचीं असतात, त्यामुळें डोळ्यांस त्रास नाहीं, आणि पान उलटतांना नजर थेट तेथें जाते. निशाणी शब्दानें न सांगतां तिची लहानशी आकृति द्यावी. शक व तिथि यांचे अंक मात्र कोणत्याही परिस्थितींत सरळ, मध्यम जाडीचेच असावे, आणि शकाशेजारीं संवत्सराचें नांव अक्षरीं असावें. १५९१ चा १५११ झाला, तरी सौम्य संवत्सर त्यास खोटें पाडील.

मोडीचा संकेत युनिकोडांत २०१४ मध्यें आला, आणि आतां संगणकावर मोडी अक्षर उमटतें. त्याचीं समरेख रूपेंही निघालीं आहेत. बोरूशिवाय मोडी ही कल्पना मला अजून पचत नाहीं. तरी मूळ मोडी व बाळबोध वाचन शेजारीं शेजारीं छापण्याची सोय त्यामुळें झाली, हें मान्य केलें पाहिजे. अशा दुहेरी पानावर वरील तिरप्या-सरळाची खूण ठेवली तर मोडी न येणाऱ्या वाचकासही मूळ कागदाचें अंग दिसेल.

उमरठच्या त्या मुलाची वही मीं दुरुस्त करून दिली. मीं नक्कल करतों तेव्हां छापण्याचा प्रश्न नसतो, म्हणून पोथ्यांचीच रीत धरतों: मोडी तें काळ्या शाईनें, बाळबोध तें तांबड्या, मागाहूनची भर हिरव्या. परवां तोच मुलगा घरीं आला होता. गांधारपाल्याच्या लेण्यांतल्या लेखाचा त्यानें ठसा घेतला नाहीं, कारण मीं मना केलें होतें. पण अक्षरें डोळ्यांनीं पाहून काढलीं होतीं. त्यानें वहींत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावरची जाड खूण तांबड्यानें रंगविली होती.